एका चुलीवर जेवणारे

मृग लागला की मालवणच्या किनाऱ्यावरचं पर्यटन मिटतं. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात. पाण्यातले खेळ ऑगस्टअखेरपर्यंत बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. तारकर्लीपासून देवबागपर्यंतच्या रस्त्यावर ‘खोल्या मिळतील’चे फलक पावसात भिजत उभे असतात. अशाच एका दुपारी मी आत्याकडे गेले. तिचं चार खोल्यांचं निवास-न्याहारीचं घर आहे.

मी श्रमबाजाराचा अभ्यास करणाऱ्या एका गटात काम करते. सध्या आमच्यापुढे विषय आहे तो पर्यटन आणि हॉटेल व्यवसायातल्या रोजगाराचा. खऱ्या पाहणीला उतरण्याआधी प्रश्नावली एखाद्या घरात चालवून बघावी लागते. त्यासाठी मी मार्चमध्ये, हंगाम चालू असताना, आत्याचं घर निवडलं होतं. आता पावसात तेच प्रश्न पुन्हा विचारून काय बदललं ते टिपायचं होतं. आत्या बोलते मालवणीत. इथे तिचं म्हणणं प्रमाण मराठीत उतरवलं आहे, पण तिचा मुद्दा कुठेही मऊ केलेला नाही.

तिनं चुलीवर चहा ठेवला. मी टॅबलेट उघडला.

“परत तेच प्रश्न?”

“तेच. उत्तरं मात्र पावसातली हवीत. पहिला प्रश्न, इथे किती माणसं काम करतात?”

“मार्चमध्ये काय सांगितलं होतं मी?”

“दोन. झारखंडचा तो पोरगा, आणि चादरी-टॉवेल धुवायला येणारी वाडीतली बाई.”

“मग आता एक लिही. पोरगा गावी गेला तो गेलाच. परवा फोन आला, गोव्यात काम मिळालंय म्हणाला. तीन हंगाम इथे होता गो. मी त्याला काय कमी केलं होतं?” ती क्षणभर थांबली. “तू त्याच्याशी बोलली होतीस ना, फोनवर? काय म्हणाला तो?”

“बोलले. पण ते मला सांगता येणार नाही, आत्या.”

“मला? माझ्याच घरातल्या माणसाबद्दल?”

“तुलाच नाही. त्यानं सांगितलेलं त्याच्या मालकाला कळणार नाही, असा शब्द देऊन मी त्याला प्रश्न विचारले. तो शब्द मोडला तर पुढचा माणूस तोंड उघडणार नाही.”

आत्यानं चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला तो जरा जोरातच.

“मग तुमच्या ह्या मोजणीचा मला उपयोग काय, ते तरी सांग.”

तिचा प्रश्न रागातून आला होता, पण खरा होता.

“मोजल्याशिवाय सरकार हलत नाही,” मी म्हटलं. “केंद्राच्या आर्थिक पाहणीत लिहिलंय, २०२२-२३ साली देशात पर्यटनातून ७.६ कोटी रोजगार होते. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १८ लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. ते रोजगार झाले का, हे दहा वर्षांनी कुणीतरी विचारणार. आज इथे किती जण कामाला आहेत हेच ठाऊक नसेल, तर तेव्हा ताडून कशाशी बघणार?”

“त्या साडेसात कोटींत आमचा रिक्षावाला धरलाय? स्टेशनावरून पाहुणे आणतो तो? आणि मला पापलेट देणारी? तिचा अर्धा धंदा आमच्यासारख्या घरांवर चालतो.”

“इथेच खरी अडचण आहे. उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात पर्यटन नावाचा उद्योगच नाही. राहण्याची सोय हा ५५ क्रमांकाचा विभाग, खाण्यापिण्याची सोय ५६ क्रमांकाचा. रिक्षावाला वाहतुकीत जातो, मासेवाली किरकोळ विक्रीत. कापड गिरणी म्हटलं की कापड दिसतं. पर्यटन मात्र गिऱ्हाइकावरून ठरतं. तीच रिक्षा सकाळी शाळेतली पोरं नेते तेव्हा पर्यटनात नसते, दुपारी तुझे पाहुणे आणते तेव्हा असते. म्हणून सरकार वेगळा हिशेब मांडतं. पर्यटकानं खर्च केलेल्या रुपयातला किती वाटा कुठल्या धंद्यात गेला ते काढायचं, आणि त्या वाट्यावरून माणसं काढायची. भारतानं असा हिशेब पहिल्यांदा २००२-०३ सालासाठी मांडला.”

“म्हणजे माणसं मोजलीच नाहीत. रुपये मोजले आणि त्यावरून माणसं ठरवली.”

“बरीचशी, हो.”

“आणि ज्याला रुपया मिळतच नाही, तो?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. तिनं सुपात तांदूळ घेतले आणि निवडायला बसली.

“आता तुझ्याबद्दल विचारते,” मी म्हटलं. “मार्चमध्ये ‘तुमचं मुख्य काम काय’ ह्या प्रश्नाला तू ‘घरीच असते’ असं उत्तर दिलंस. ते उत्तर सरकारी सर्वेक्षणात गेलं, तर तुझ्यापुढे ९२ हा आकडा पडतो. फक्त घरकाम करणारी. तिचा श्रमबलाशी संबंध नाही.”

“पहाटे साडेचारला उठून बारा माणसांचे घावणे काढते ती मी, आणि संबंध नाही?”

“आकडा तुझ्या उत्तरानं ठरला. स्वतःचा धंदा आहे म्हणाली असतीस तर ११ नाहीतर १२ पडला असता. नवऱ्याच्या धंद्यात बिनपगारी मदत करते म्हणाली असतीस तर २१. दोन्हींत तू कामकरी ठरतेस. ९२ मध्ये नाही.”

“घराचा परवाना ह्यांच्या नावावर, बँकेतलं खातं ह्यांच्या नावावर. मग मी काय सांगणार होते? आणि विचारणाऱ्यानं चुलीकडे मान वळवून बघायला काय झालं होतं?”

“त्यानं बघायलाच हवं. नीट शिकवलेला सर्वेक्षक एका उत्तरावर थांबत नाही. सकाळी काय करता, पाहुण्यांचं जेवण कोण रांधतं, असं खोदून विचारतो. आणि व्याख्या तशी उदार आहे. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी कमाईचं काम केलं असेल, तरी त्या आठवड्यापुरतं माणूस कामावर धरतात.”

“तासभर?” तिनं मान वर केली. “मग पोरगा तिकडे गावी बसून मामाच्या दुकानात तासभर पुड्या बांधत असेल, तर तोही कामावर. आणि मी दिवसाचे चौदा तास राबते, तीही कामावर. दोघांना एकाच रांगेत बसवलंत की.”

“त्या रांगेत किती तास काम केलं तेही विचारतात. पण बातमीत येतो तो एकच आकडा, हे खरं. हे बघ. पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी श्रमबलात किती, तर २०१७-१८ साली २३.३ टक्के. २०२३-२४ साली ४१.७.”

“सहा वर्षांत एवढ्या बायका कामाला लागल्या? त्याआधी काय खाटेवर बसून होत्या?”

“काही खरोखर लागल्या. शहरातली कमाई बुडाली, शेती अंगावर आली, बचत गटातून धंदे उभे राहिले. आणि काही आधीपासून राबत होत्या, त्या आता कागदावर आल्या. वाढ मुख्यतः स्वयंरोजगारातली आहे. त्यात २१ क्रमांकवाल्याही येतात. खरी वाढ किती आणि नव्यानं दिसू लागलेली किती, ह्यावर अभ्यासक अजून भांडतायत.”

“भांडू देत. बाई तीच आहे.”

“पण दिसली हे महत्त्वाचं आहे. मुंबईतल्या खानावळवाल्या आठव. आपल्याच जिल्ह्यांतून गिरणीत गेलेल्या माणसांना दोन वेळचं जेवण ह्या बायका घालायच्या. चाळीतल्या एका खोलीत पंचवीस-तीस डबे. भांडवलाला सावकाराकडे जावं लागायचं. बँकेच्या लेखी त्या गृहिणी होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. स्वयंपाक आधीही तोच होता. त्याला धंदा म्हटलं गेलं तेव्हा सावकार सुटला. आज राज्याचं ‘आई’ नावाचं धोरण आहे, २०२३ सालचं. पर्यटनातल्या बायकांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं. तू ९२ राहिलीस, तर ते कर्ज कुठल्या धंद्यासाठी मागणार?”

आत्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “हे पटलं. पण एक विचारते. पाहुण्यांचा भात आणि घरचा भात माझ्याकडे एकाच टोपात शिजतो. त्यातली किती मिनिटं धंद्याची आणि किती घरची, हे तुझा टॅबलेट सांगेल?”

तिचा नेम बरोबर बसला होता. सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनमोबदल्याच्या कामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात असं निघालं. पुरुषांची ८८. त्यात अर्ध्याअर्ध्या तासाच्या खणांत काय काय केलं ते लिहून घेतात. पण एक टोप दोन खणांत कसा घालायचा? निवास-न्याहारीच्या घरात हा प्रश्न रोज पहाटे उभा राहतो.

“नाही सांगणार,” मी म्हटलं. “पण एक गंमत... नाही, गंमत नव्हे, फार जुनी आणि शहाणी गोष्ट सांगते. आमच्या सर्वेक्षणात कुटुंब कशाला म्हणतात, ठाऊक आहे? एरवी एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं. घरात राहून जेवणारा नोकरसुद्धा त्या कुटुंबात धरायचा. चार दिवसांचा पाहुणा मात्र धरायचा नाही.”

“मग तो पोरगा माझ्या कुटुंबातला होता?”

“व्याख्येनं, हो. पण तो आठ महिने इथे आणि चार महिने गावी. त्याच्या गावी सर्वेक्षक गेला, तर घरचे म्हणतील, तो बाहेर असतो. इथे आला, तर तू म्हणशील, आमच्या घरातला नव्हे, कामाला आहे. दोन्ही चुलींवरून त्याचं नाव निसटतं. हंगामी माणसाचं असंच होतं. आणि हंगामाचंही. सरकारी सर्वेक्षणात पूर्वी खेड्यांचे आकडे वर्षातून एकदा यायचे. तिमाही आकडे फक्त शहरांचे. मालवणच्या वाड्यांतला मे आणि मालवणच्या वाड्यांतला जुलै एका सरासरीत मिसळून जायचे. जानेवारी २०२५ पासून खेड्यांचेही तिमाही आकडे काढायला सुरुवात झालीय.”

“त्यात आमचा तालुका दिसेल?”

“तालुका नाही दिसणार. नमुना राज्याला पुरेल एवढा असतो. म्हणून तर आमच्यासारख्या लहान पाहण्या लागतात.”

पाऊस वाढला होता. आत्यानं पडवीतला पडदा ओढून घेतला आणि परत येऊन बसली.

“आता माझं ऐक,” ती म्हणाली. “इथे प्रत्येक हॉटेलवाला म्हणतो, माणसं मिळत नाहीत. तुम्हीही तेच लिहून नेता. ते लिहून काय होतं?”

“लिहितो कसं, त्यावर आहे. ‘माणसं मिळत नाहीत’ हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं, ह्या पगारात, इतक्या तासांना, अशा जागेत राहायला माणसं मिळत नाहीत. अर्धं वाक्य वरती गेलं, तर सरकार समजतं की शिकलेली माणसं कमी आहेत. मग शिकवणी वाढते. केंद्राची ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना २००९-१० पासून आहे. थोड्या मुदतीत स्वयंपाक, वाढप, खोल्यांची व्यवस्था शिकवते. ती हवीच आहे. पण माणूस तासांमुळे सोडून जात असेल, तर आणखी शिकवून काय होणार? शिकेल आणि जाईल.”

“माझा मुलगा तेच करून बोटीवर गेला.”

“हो ना. तो हॉटेल व्यवस्थापन शिकला, काही महिने गोव्यात राबला आणि क्रूझवर चढला. त्याच्या जागी गोव्याच्या हॉटेलात मालवणचा दुसरा पोरगा गेला. मालवणच्या जागी झारखंडचा आला. आता तोही गोव्याला गेला. आपण ह्याला टंचाई म्हणतो. खरं तर ही शिडी आहे. प्रत्येक पायरीवरचा मालक खालच्या पायरीवरून माणूस उचलतो, आणि सगळ्यांत खालची पायरी कुणीच मोजत नाही.”

“आणि शिडीवरचा मालक म्हणजे मी.”

“तूही.”

तिनं सूप खाली ठेवलं. “मग मालकाचा हिशेबही लिहून घे. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेले शनिवार-रविवार. हे माझे दिवस. बाकी वेळ खोल्यांना कुलूप. फोनवरच्या ॲपवर पाहुणा भाव पाडतो, आणि त्यातून ॲपवाला आपला वाटा कापतो. तौक्ते वादळात छप्पर उडालं, ते ह्यांनी कर्ज काढून घातलं. मी पोराला बारा महिन्यांचा पगार देऊ कुठून? सरकारनं किमान वेतन ठरवलंय, मला माहीत आहे. ते महिन्याचं ठरवलंय. माझा धंदा महिन्यांवर चालत नाही, तिथींवर चालतो.”

हे ऐकताना मी टॅबलेट बाजूला ठेवला. मालकांसाठीच्या आमच्या प्रश्नावलीत ‘पगार वाढवणं शक्य आहे का? होय / नाही’ असा एक प्रश्न होता. तिथींवर चालणाऱ्या धंद्याला ते दोन खण पुरणारे नव्हते.

“तुझं बरोबर आहे,” मी म्हटलं. “पण तेवढ्यावर थांबलो, तर हंगामाचा सगळा तोटा सगळ्यांत गरीब माणसाच्या अंगावर पडतो. खोली रिकामी राहिली तर तुझी कमाई थांबते, घर उरतं. त्याची कमाई थांबली की हातात तिकीट उरतं.”

“मग काय करायचं?”

“ते ठरवायला आधी हे दिसायला हवं. इथला माणूस पावसात कुठे जातो, काय खातो, किती उधारी करतो. चार घरांनी मिळून एका माणसाला बारा महिने ठेवता येईल का? पावसात शेती आणि हंगामात हॉटेल अशी जोड देता येईल का? हे प्रश्न माहितीशिवाय विचारताच येत नाहीत.”

“माहिती, माहिती. अगो, तुम्ही जे आहेत त्यांना विचारता. जे गेले त्यांना कोण विचारतं? घर का गळतं हे घरात कोरडा बसलेला सांगेल की भिजून उठून गेलेला?”

हे मी वहीत लिहून घेतलं. आमच्या धंद्यातला सर्वांत जुना दोष तिनं एका वाक्यात सांगितला होता. हॉटेलात पाहणी करायला जावं, तर भेटतात टिकलेले. सोडून गेलेला माणूस यादीतच नसतो. त्याचा माग काढायला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि त्याचा नंबर बहुधा बदललेला असतो.

“आणि जे आहेत तेही खरं सांगतील असं नाही,” मी म्हटलं. “तुझ्या बाजूचंच एक उदाहरण देते. अमेरिकेत रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ होता. १९३० ते १९३२ ह्या काळात तो एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरला. तिकडे तेव्हा चिन्यांबद्दल फार आकस होता. ते तिघं २५१ ठिकाणी गेले, हॉटेलं, खानावळी. एकाच ठिकाणी नाही म्हणाले. नंतर त्यानं त्याच ठिकाणी पत्रं पाठवली, चिनी पाहुणे घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, घेणार नाही.”

“माणूस दारात उभा राहिला की नाही म्हणवत नाही,” आत्या म्हणाली. “कागदावर म्हणवतं.”

“आणि कामगाराचं उलटं होतं. मालक दारात उभा असला की त्याला ‘नाही’ म्हणवत नाही. मार्चमध्ये मी त्या पोराला विचारत होते तेव्हा तू त्या दारात उभी होतीस.”

“मी कांदे निवडत होते.”

“उभी होतीस, आत्या. मी तुला म्हटलं, जरा आत जा. तू म्हणालीस, माझ्याच घरात मला आत जा म्हणतेस? गेली नाहीस. त्यानं प्रत्येक प्रश्नाला ‘सब ठीक है’ म्हटलं. माझ्याकडे त्याचा तो कागद आहे. सगळीकडे होय. पगार वेळेवर? होय. सुट्टी? होय. राहण्याची सोय? होय.”

ती काही बोलली नाही. पावसाचा आवाज मोठा होता.

“तुला आठवतं,” ती बऱ्याच वेळानं म्हणाली, “करोनाच्या वेळी ह्याच्या आधीचा पोरगा इथे अडकला होता. मार्चपासून गाड्या सुटेपर्यंत. पाहुणा एक नाही. मी पगार अर्धाच देऊ शकले. पण जेवला तो माझ्याच चुलीवर. आम्ही पेज प्यालो तर त्यानं पेज प्याली. त्याला तुम्ही कुठे लिहिलं असेल? त्याचं काम गेलं की होतं?”

“त्या एप्रिल ते जून २०२० मध्ये पर्यटनातले एक कोटी पंचेचाळीस लाख थेट रोजगार गेले, असा नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्चचा अंदाज आहे. आधी असे थेट रोजगार साडेतीन कोटींच्या आसपास होते. त्यात तो गेलेल्यांत असेल.”

“आणि त्यानं इथे विहीर उपसली, कुंपण बांधलं. आठवड्याला तासभर नव्हे, दिवसभर.”

“मग राहिलेल्यांत असेल.”

“दोन्हीकडे असेल किंवा कुठेच नसेल,” ती म्हणाली. “पण चूल एक होती, एवढं मला ठाऊक आहे.”

इथे आम्ही दोघी एकमेकींच्या जवळ आलो होतो. मी आकड्यांची बाजू घेऊन आले होते, आणि आकड्यांची वीण कुठे सैल आहे हे तिला मीच दाखवत होते. ती माणसांची बाजू घेऊन बसली होती. पण तिच्याही मोजणीत एक खळगा होता, आणि तो दाखवणं माझं काम होतं.

“आत्या, मघाचा पहिलाच प्रश्न परत विचारते. हंगामात इथे किती माणसं काम करतात? मार्चमध्ये तू दोन सांगितलीस. सरकारनं तुला मोजलं नाही म्हणून तू रागावलीस. तू तरी स्वतःला मोजलंस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हाताची बोटं उघडली.

“पोरगा. चादरीवाली. मी. सूनबाई, खोल्या झाडते, नाश्ता वाढते. ह्यांचा बाजार, हिशेब, गॅस, पाणी. पाच. नातू कॉलेजातून आला की बुकिंग बघतो, फोटो टाकतो, रात्री बाराला आलेल्या पाहुण्याला रस्ता सांगतो. सहा.” एक बोट उघडायचं राहिलं होतं. ती जरा घुटमळली. “आणि पलीकडची वहिनी. मे महिन्यात रोज सकाळी येऊन मासळी साफ करून देते. दोन-दोन तास.”

“तिला काय देतेस?”

“पैसे नाही घेत ती. मी तिच्या लावणीला जाते. उरलं-सुरलं देते.” मग तिनंच म्हटलं, “आजवर मी म्हणत आले की ती गप्पा मारायला येते.”

“सात,” मी म्हटलं.

“सात. आणि मी दोन सांगितले.” तिनं मूठ मिटली. “ज्यांना पैसे देते त्यांनाच मीही मोजलं.”

मी सात लिहिलं. खाली प्रत्येकापुढे तास, मोबदला आणि महिने. वहिनीच्या मोबदल्याच्या खणात ‘लावणीची फेड’ लिहिलं. टॅबलेटनं तो शब्द घेतला नाही, त्याला रुपये हवे होते. तेवढं कागदावर टिपून ठेवलं, कारण प्रश्नावली दुरुस्त करायची ती इथेच. मोजण्यावरचा माझा विश्वास त्या दुपारी कमी झाला नाही. मोजणाऱ्यानं कुणाच्या दारात बसून, कुणाला आत पाठवून आणि कुणाची वाट पाहून मोजावं, हे मात्र मला तिथे नव्यानं कळलं.

अंधारून आलं तेव्हा मी निघायला उठले. आत्या पडवीच्या टोकाला गेली. तिथे एक जुनी खाट भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि वर दोरीवर घडी घातलेली मच्छरदाणी. ती त्या खाटेकडे बघत उभी राहिली.

“मे महिन्यात चारी खोल्या भरल्या,” ती म्हणाली, “की त्याची खोलीही आम्ही पाहुण्यांना द्यायचो. तो इथे झोपायचा. पाहुणे बारापर्यंत इथेच गप्पा मारत बसायचे. ते उठले की तो खाट टाकायचा. आणि साडेचारला मी उठायचे ती भांडी वाजवतच.” तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. “हेच सांगितलं का त्यानं तुला?”

मी गप्प राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

“तो मार्चमधला कागद आहे ना तुझ्याकडे? राहण्याची सोय, असा प्रश्न होता. मालकालाही विचारला होतास. मी काय म्हटलं होतं?”

“होय.”

“ते खोड.”

“काय लिहू मग? नाही?”

तिनं विचार केला. “नाही असंही नाही गो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत होती त्याला खोली. मे महिन्यात नव्हती, असं लिही.”

प्रश्नावलीत तसा खण नव्हता. मी ते समासात लिहिलं.